केरबा मुंगूस सायकलस्वार होतो

एका जंगलात कुणाचंच सायकलवाचून अडत नव्हतं, तेव्हा तिथे सायकल आली. नीट बसा, मुलांनो. मांडी घाला. चुळबुळ करणाऱ्याला पुढची ओळ मिळणार नाही.

तर, पहिली सायकल कुणी घेतली असेल? कासवाने? गोगलगायीने? छे! पहिली सायकल घेतली बिबट्याने. जंगलात ज्याला सगळ्यात जोरात पळता येत होतं, त्यानेच ती सगळ्यांच्या आधी घेतली. असं का, हे विचारू नका. मी लहानपणी असलं काहीतरी विचारलं होतं, तेव्हा पाठीत धपाटा बसला होता.

बिबट्याचं पाहून सांबराने घेतली. सांबराचं पाहून सशाने. मग त्यांनी 'सूर्योदय सायकल मंडळ' काढलं. मंडळ दर रविवारी सूर्योदयानंतर दोन तासांनी निघे, उदमांजराच्या हॉटेलापर्यंत जाई, तिथे मिसळ खाई आणि फोटो काढून परत येई. वाटेत चढ लागला की सगळ्या सायकली हत्तीच्या पाठीवर लादत. हत्ती मात्र मंडळाचा सभासद नव्हता. त्याच्याकडे सायकल नव्हती ना!

पण आपली गोष्ट बिबट्याची नाही. आपली गोष्ट केरबा मुंगसाची आहे.

केरबा कारवीच्या रानात राहायचा. त्याच्या बायकोचं नाव अनसूया. केरबाला पाणवठ्यावर नोकरी होती. पाणवठा घरापासून दोन कोसांवर. काम असं, की दिवस उगवायच्या आत काठावरच्या दगडावर चढायचं, मगर कुठल्या बाजूला आहे ते बघायचं आणि दुसऱ्या बाजूला बोट करून ओरडायचं, "हिकडं प्या!" मग हरणं तिकडे जाऊन पाणी प्यायची.

काम सोपं होतं. पण मुंगसाचे पाय ते केवढे! केरबा कितीही लवकर निघाला तरी पोचेपर्यंत उन्हं अंगावर यायची. तोवर हरणं कोरड्या घशाने उभी. एकदा एका हरणाला दम निघाला नाही. त्याचं शेपूट गेलं. मग हरणांनी अर्ज दिला.

पाणवठ्याचा साहेब होता रानगवा. सगळे त्याला गवासाहेब म्हणत. अर्ज वाचून त्याने केरबाला बोलावलं.

"केरबा, येत्या पौर्णिमेपर्यंत वेळेवर यायला लाग. नाहीतर त्या दगडावर मी बगळ्याला बसवणार. तो इथेच राहतो."

बगळा शेजारीच एका पायावर उभा होता. तो अगदी नम्रपणे हसला.

केरबा विचार करत घराकडे निघाला. नोकरी गेली तर खायचं काय? सापाशी झुंजून पोट भरायचं त्याचं वय आता राहिलं नव्हतं.

घरी डब्यात चाळीस चिंचोके होते. त्या जंगलात पैसे म्हणून चिंचोके चालायचे. आणि तरसाच्या भंगारच्या दुकानात एक जुनी काळी सायकल होती. मडगार्ड खडखडत होतं, सीट फाटली होती, घंटी सोडून बाकी सगळं वाजत होतं. किंमत बरोबर चाळीस चिंचोके.

"तीच घ्या," अनसूया म्हणाली. "चाकं दोन हायत. गोल हायत. आनि काय पायजे?"

केरबा डबा बगलेत मारून निघाला. तो सरळ तरसाकडे गेला असता तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही लवकर घरी गेला असता. पण वाटेत उदमांजराचं हॉटेल लागलं. रविवार होता. मंडळ मिसळीवर बसलं होतं. केरबाला वाटलं, जाणती मंडळी आहेत, दोन शब्द विचारून घ्यावेत.

"सायेब, सायकल सुरू करायची म्हंतोय," तो बिबट्याला म्हणाला. "पैसं कमी हायत. कसं करावं?"

झालं! एवढंच विचारायचा अवकाश, मंडळाच्या अंगातच आलं. त्या जंगलात सल्ला द्यायची संधी आणि फुकटचा रस्सा कुणी सोडत नसे.

"बजेट कमी आहे ना? मग सायकल सगळ्यात शेवटी," बिबट्या म्हणाला. "आधी हेल्मेट. डोकं एकदाच मिळतं."

"आणि चड्डी," सांबर म्हणालं. "बुडाला गादी असलेली. पहिल्या दिवशी तिचं महत्त्व कळत नाही. दुसऱ्या दिवशी बसता येत नाही."

"हातमोजे," ससा म्हणाला. "तुला दोन जोड लागतील."

"पर सायकल..." केरबा म्हणाला.

"सायकल काय, कधीही घेता येते," ससा म्हणाला. "माझी तीन महिने दुरुस्तीला पडली आहे. म्हणून मी सायकलिंग सोडलं का?"

केरबाला हे पटलं. पटणारच. मुंगसांच्या घरात एक जुनी रीत होती. आधी झाकण आणायचं, म्हणजे मडकं आपसूक मागून येतं. नुसतं झाकण बघून लक्ष्मीला लाज वाटते आणि ती मडकं धाडून देते, असं म्हणत. केरबाच्या आजोबांनी झाकणं आणली. वडिलांनी आणली. केरबानेही लग्नात एक आणलं. घरात चांगली पितळेची सात झाकणं होती. मडकं अजून वाटेत होतं. अनसूया करवंटीत रांधायची.

हेल्मेट म्हणजे तरी काय, झाकणच की! केरबाने मनाशी म्हटलं आणि तो बाजाराकडे वळला.

संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे लाल हेल्मेट आलं. गादीची चड्डी आली, तिला शेपटीसाठी भोक पाडून घेतलं. हातमोज्यांचे दोन जोड आले, पाण्याची बाटली आली, काळा चष्मा आला. डब्यात दोन चिंचोके उरले. ते घेऊन तो तरसाकडे गेला.

"दोन चिंचोक्यांत काय येतं?"

"हवा येती," तरस म्हणाला. "एका चाकाची. चाक तू आनायचं."

केरबा घरी आला तेव्हा अनसूया दारातच उभी होती.

"सायकल कुठं हाय?"

"मागनं येतीया."

अनसूयाने फळीवरच्या सात झाकणांकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या डोक्यावरच्या आठव्याकडे पाहिलं. "आधी कळस, मग पाया," एवढंच म्हणून ती चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी केरबा सगळा जामानिमा करून पायीच निघाला. एवढं आणलंय तर घरी ठेवून काय करायचं? पण चड्डीतली गादी मांड्यांना घासत होती, चष्म्यातून वाट दिसत नव्हती आणि चार हातमोजे घालून मुंगसाने चालायचं म्हणजे काय हाल होतात ते करून बघा. तो पाणवठ्यावर पोचला तेव्हा दिवस चांगला कासराभर वर आला होता. एवढा उशीर त्याला कधीच झाला नव्हता.

गवासाहेब वाटच बघत होते. ते तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांना हेल्मेट दिसलं.

"अरे! केरबा! सायकल सुरू केलीस?"

"सुरुवात झालीया, सायेब," केरबा म्हणाला. हे खोटं नव्हतं.

"शाब्बास! जाऊन-येऊन चार कोस! मला वैद्यांनी कधीचं सांगितलंय, सायकल चालवा, वजन उतरेल. पण वेळच मिळत नाही बघ." मग त्यांनी सूर्याकडे पाहिलं. "उशीर का झाला? पंक्चर?"

केरबाने मान खाली घातली. खाली घातलेली मान हेल्मेटमुळे हलल्यासारखी दिसली. साहेबांना ते होकारार्थी वाटलं.

"असू दे, असू दे. सायकलवाल्यांचं चालायचंच."

तेव्हापासून केरबा रोज उशिरा यायचा आणि रोज त्याची पाठ थोपटली जायची. एक दिवस चेन पडली. एक दिवस ब्रेक घासला. एक दिवस उलटा वारा होता. मंडळाने त्याला सभासद करून घेतलं. कमी खर्चात सायकलिंग कसं सुरू करावं, यावर त्याने दोन भाषणंही दिली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं मोठी माणसं म्हणतात. केरबाने पैसे नसण्यावरच सोंग उभं केलं होतं आणि ते झकास वठलं होतं. हरणं तहानेने व्याकूळ होती, पण आता तीही कौतुकाने बघत उभी राहायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गवासाहेब म्हणाले, "केरबा, उद्या मुदत संपते. सायकल आहे म्हटल्यावर एक दिवस वेळेवर यायला तुला काय अवघड आहे? उद्या मी स्वतः हार घेऊन उभा राहतो. मंडळही येणार आहे. तुला सायकलवरून येताना सगळ्यांना बघायचंय."

बगळ्याने दुसरा पाय खाली टेकला.

केरबा रडवेला होऊन घरी आला आणि त्याने बायकोला सगळं सांगितलं. पंक्चर सांगितलं, चेन सांगितली, भाषणंसुद्धा सांगितली. अनसूयाला आधी हसू आलं, मग राग आला, मग त्याची कीव आली. ती उठली, फळीवरची सातही झाकणं पदरात बांधली आणि तरसाकडे गेली. पितळ बघून तरसाचे डोळे चमकले. त्याने काळी सायकल दिली, दोन्ही चाकांत हवा दिली आणि घंटीत तेल घालून दिलं.

आता दिवस मावळायच्या आत शिकायचं होतं. केरबा सीटवर चढला. सायकल जराशी कलली. "धर! धर! मेलो!" म्हणून तो उतरला.

"व्हा बाजूला," अनसूया म्हणाली आणि स्वतः बसली. केरबाने मागून धरायचं होतं. पण हातमोज्यांना वंगण लागेल म्हणून त्याने एकाच बोटाने धरलं. अनसूया कारवीत पडली. उठली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा गुडघा फुटला, त्यावर तिने हळद दाबली आणि पुन्हा बसली. दिवेलागणीला ती रानाला गोल फेरी मारून आली.

"उद्या मीच सोडते तुमास्नी," ती धापा टाकत म्हणाली. "मागं बसा गप."

सकाळी दोघं निघाली. अनसूया सीटवर, केरबा कॅरियरवर. हेल्मेट, चष्मा, चड्डी, सगळं अंगावर. दोन कोस कधी सरले ते कळलंच नाही. उतारावर वारा कानात शिरला तेव्हा अनसूया खदखदून हसली. लग्नानंतर तिला एवढ्या मोठ्याने हसताना केरबाने ऐकलं नव्हतं. त्यालाही फार बरं वाटलं.

पाणवठ्यावर पोचली तेव्हा सूर्य उगवायचा होता. गवासाहेब हार घेऊन उभे होते. बिबट्या होता, सांबर होतं, ससा होता. सायकल थांबली. सगळे पुढच्या सीटकडे बघू लागले.

"केरबा," गवासाहेबांनी विचारलं, "ही पुढे कोण?"

अनसूया घामाने निथळत होती. गुडघ्यावरची हळद ओघळली होती. तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. केरबाने बगळ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर नोकरी जाते. आणि खोटं सांगावं तर ती इथे, हातभर अंतरावर उभी.

"ही व्हय? ही..." केरबा म्हणाला. "ही चालवायला ठेवलीया, सायेब."

मग बिबट्याने कपाळावर पंजा मारून घेतला. "ड्रायव्हर! अरे, आम्हाला का नाही सुचलं हे? इतके दिवस आपले आपणच पेडल मारत बसलो!"

टाळ्या झाल्या. हार केरबाच्या गळ्यात पडला. गवासाहेबांनी अनसूयाकडे पाहून मान हलवली. "बाई, हेल्मेट नाही घातलंत ते? जरा केरबांकडून शिका."

केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो उतरला, दगडावर चढला आणि ओरडला, "हिकडं प्या!" कितीतरी दिवसांनी हरणं वेळेवर पाणी प्यायली.

अनसूयाने सायकल वळवली. "जाते मी," ती म्हणाली. "संध्याकाळी चालत या."

संध्याकाळी केरबा चालत निघाला. हार गळ्यातच होता. वाटेत जो तो त्याला हात करत होता, "काय सायकलस्वार!" म्हणत होता. घरी आला तर चूल थंड आणि दार ओढून घेतलेलं. शेजारची घोरपड अंगण झाडत होती.

"अनसूया म्हायेरी गेली," ती म्हणाली. "नदीपल्याड."

"रागावली हुती का?"

"छ्या! गानं म्हनत गेली. म्हनाली, पाच कोस चालवत न्हाईत म्हनून सात वर्सं आईचं तोंड बघितलं न्हाई. आता जाता येतंय."

"कवा येनार?"

"ते काय बोलली न्हाई बाई."

दुसऱ्या दिवशी केरबा पुन्हा पायीच गेला. पुन्हा कासराभर उन्हात पोचला. पण गवासाहेब त्याला काही बोलले नाहीत. ड्रायव्हर रजेवर गेला की साहेबलोकांना उशीर व्हायचाच, हे ते जाणून होते.

तात्पर्य: खिसा लहान असेल तर सायकल घेण्याच्या फंदात पडू नये, आधी हेल्मेट घ्यावं. पेडल मारायला घरात कुणीतरी असतंच. फक्त तिचं माहेर सायकलच्या टप्प्यात नाही ना, एवढं आधी बघून घ्यावं.