टेपातला नाना

नाना काळोख्यांकडे गोष्ट ऐकायला बसलं, की आधी पत्र्याच्या पेटीवर दोन्ही तळवे ठेवावे लागत. पेटीवर टेप, टेपाभोवती नाना आणि कंपनीतली आम्ही तिघं पोरं. कुणी हात उचलला की नाना खेकसायचे, "ए, हात! गोष्ट काय नुसती कानानं ऐकायची आसती व्हय?"

नाना खेडकडचे. कंपनी उघडली तेव्हापासून लोखंड ठोकणाऱ्या मोठ्या हॅमरवर. मी परांड्याकडचा, सातवीतून शाळा सुटलेला. पिंपरीत उतरलो तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. नानांनी मला फोरमनपुढे उभं केलं, "माझा भाचा हाय" असं धडधडीत सांगितलं आणि संत तुकाराम नगरातल्या आपल्या खोलीत जागा दिली. तेव्हापासून एकच धास्ती: माझ्या हातून काही चुकेल आणि नाना म्हणतील, हा भाचा न्हाई.

मेहुण्याने मस्कतहून आणलेल्या टेपावर नानांनी स्वतःच्या आवाजात गोष्टी भरल्या होत्या. एकीत पवना नदी कंपनीसारखी गुरुवारची सुट्टी घेते आणि मासे काठावर डबा उघडून बसतात. सगळ्यांत भारी सावल्यांची. कंपनी माणसांना घरी सोडते आणि त्यांच्या सावल्या दुसऱ्या शिफ्टला ठेवून घेते. बिनसावलीचा जगन्नाथ घरी जातो, तर बायको दारातूनच विचारते, "तुमी आलासा, बरूबरचे कुठं ऱ्हायले?" इथे आम्ही हसायचो. शेवटी ओव्हरटाइम करून दमलेली सावली येते आणि म्हणते, "आता तू जा, मी झोपते." सावलीच्या पावलांसाठी नानांनी ओला टॉवेल फरशीवरून ओढला होता. ऐकताना अंगावर काटा यायचा.

पण समोर बसून तोंडाने गोष्ट सांगा म्हटलं, की नाना हात झटकत. "मी न्हाई सांगत. टेपातला नाना सांगतो, मी फकस्त त्याचा मालक." नवी मागितली, तर "आधी ही पाठ करा." ती केव्हाच पाठ झाली होती. मध्येच काही विचारलं तर उत्तर नाही. कलावंत माणूस, आम्ही म्हणायचो. आणि ओरडून तर हॅमरवरचे सगळेच बोलतात.

एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, केर काढताना माझ्या हातून टेप पडला. मी गुपचूप उचलून ठेवला. दुपारी मंडळी जमली, तळवे पेटीवर आले, नानांनी बटण दाबलं. कॅसेट फिरू लागली. आवाज नाही.

मी चोरून नानांकडे पाहिलं. नाना मात्र मान डोलवत होते.

त्यांच्या शेजारी बसलेला बापू म्हणाला, "नाना, टेप मुका झाला की राव!"

नानांनी वळूनही पाहिलं नाही. बापूने पुन्हा, जोरात हाक मारली. मग आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

कॅसेट फिरतच होती. जगन्नाथ आता दाराशी पोचला असेल, असा अंदाज आला आणि मी हसलो. माझ्यामागून बापू हसला, तिसराही हसला. सावली येण्याच्या वेळेला बापूने असं अंग चोरलं, की क्षणभर मलाच टॉवेल ऐकू आला.

मंडळी गेल्यावर मी नानांसमोर उभा राहिलो. "नाना, टेप माझ्या हातून पडला."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "पडू दे. वस्तू हाय. पेटी गपगार हुती, मला पहिल्यालाच कळलं."

"मग बंद का नाही केला?"

"मान सवयीनं हलत हुती. करनारच हुतो. म्हनलं, आता ही पोरं उठून जातील. तर तू हसलास. बराबर जगन्नाथच्या बायकोच्या जागी." त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. "मला आता ह्या हातालाच काय ते ऐकू येतं. कान हॅमरनं नेलं, कुनाला बोललो न्हाई. माझा आवाज कसा हुता, मलाबी आठवत न्हाई. तुमच्या कानात हाय म्हंजी झालं."

नानांनी टेप उचलून कोनाड्यात ठेवला आणि पेटीवर टकटक केली.

"म्होरल्या गुरवारी तू सांग. पेटीला हनुवटी लावून सांग, मी हात ठेवतो. आन् नवी पायजे. जुनी न्हाई चालायची, भाच्या."