सगुणा टिटवीला टेकडी मिळाली

एका जंगलात एक कुरण होतं, कुरणाच्या वर एक टेकडी होती, टेकडीखाली नदी होती आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक चव्हाटा होता. चव्हाटा म्हणजे काय? तर प्रत्येकाने आपापलं लिहायचं आणि दुसऱ्याच्या लिहिण्याखाली अंगठा उठवायचा. ज्यांना अंगठा नव्हता, ते खूर उठवायचे. जंगलात हे आलं कुठून, असं विचारू नका. तुमच्या हातात आहे ते कुठून आलं, असं मी विचारलं का? मग गप्प ऐका.

नदीकाठच्या गोट्यांत सगुणा नावाची एक टिटवी राहायची. टिटवी घरटं बांधत नाही, बाळांनो. उघड्यावर चार खडे सारते आणि त्यातच अंडी घालते. आळशी म्हणा हवं तर, पण ती तिची रीत. दोन वर्षांपूर्वी म्हशींनी अंडी तुडवली. गेल्या वर्षी नदीला लोंढा आला, तो अंडी घेऊनच गेला. या खेपेला तरी पिल्लं उडालेली बघायची, एवढीच सगुणाची इच्छा होती.

तिचे डोळे मात्र असे, की गवताचं पातं उलट्या बाजूला हललं तरी तिला कळायचं. बिबट्या दिसला की ती जीव खाऊन ओरडायची आणि कुरण क्षणात रिकामं व्हायचं. ओरडून झालं की लांबच्यांना कळावं म्हणून चव्हाट्यावरही लिहायची, ‘बिबट्या आला, पळा!’ हे सगळं ती फुकट करायची. त्यामुळे अर्थातच त्याची कुणाला किंमत नव्हती.

एके दिवशी चव्हाट्यावर जाहिरात आली.

‘निर्भय कुरण कंपनीत पहारेकरी पाहिजे. या, आमच्या परिवारात सामील व्हा! राहायला टेकडीवर जागा. अर्ज फक्त चव्हाट्यावरून.’

कंपनीचा मालक एक गवा होता. अंगाने एवढा थोरला, की त्याला स्वतःला कशाचंच भय नव्हतं; म्हणून त्याने कंपनीचं नाव निर्भय ठेवलं. आधीचा पहारेकरी होता एक मोर. त्याच्या मागे वीस हजार चाहते. शेवटचा फोटो त्याने बिबट्याबरोबर काढला. त्यात बिबट्या जरा जास्तच जवळ आला होता. त्या फोटोला अंगठे मात्र भरपूर पडले, आणि जागा रिकामी झाली.

“अहो, टेकडीवर जागा देतायत,” सगुणा नवऱ्याला म्हणाली. “तिथे म्हशी नाहीत की पाणी नाही.”

“मग तू सोडून दुसरं कोण घेणार ही नोकरी?” तिचा नवरा म्हणाला. भोळा होता बिचारा.

कंपनीत माणसं, म्हणजे जनावरं, निवडायचं काम साळुंकीबाईंकडे होतं. त्यांनी सगुणाला बोलावलं. डोळे तपासले नाहीत, की एकदा ओरडून दाखव असं म्हटलं नाही. त्यांनी फक्त तिचं चव्हाट्यावरचं पान उघडलं आणि चोचीने च् च् केलं.

“सगुणाताई, वर्षभरात चारशे बारा पोस्टी. सगळ्यांत एकच. ‘बिबट्या आला, पळा!’”

“मॅडम, येत होता तो.”

“तो येत होता की नाही, हा मुद्दाच नाही. मुद्दा सूर कसा आहे, हा आहे. किती नकारात्मक! बरं, मला सांगा, या चारशे बारा वेळांपैकी किती वेळा कुणी मेलं?”

“एकदाही नाही!” सगुणा अभिमानाने म्हणाली.

“बघा. म्हणजे चारशे बारा वेळा उगाचच घबराट.”

एवढं बिनतोड बोलणं सगुणाने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“मला तुमच्यात काहीतरी दिसतंय, सगुणाताई,” साळुंकीबाई मायेने म्हणाल्या. “आठ दिवस देते. ते जुनं सगळं पुसून टाका. ओरडणं बंद. जरा उमेद येईल असं लिहा. मालक स्वतः वाचतात.”

सगुणा घरी आली आणि बसून चारशे बारा पोस्टी पुसल्या. नवरा म्हणाला, “अगं, ही तर तुझी सगळी मेहनत!” ती म्हणाली, “मेहनत जाऊ दे, टेकडी बघा.” मग दोन दिवस ती मोरांचं, पोपटांचं, नाचऱ्या लांडोरींचं लिहिणं वाचत बसली. तिसऱ्या दिवशी बिबट्या आला, तेव्हा तिने दात-ओठ खाऊन, म्हणजे चोच आवळून लिहिलं:

‘आज आपल्या कुरणात एका मान्यवरांचं आगमन झालं. त्यांचा संयम, त्यांचं दबकं पाऊल, त्यांची ध्येयावरची नजर! त्यांच्याकडून मी शिकलेल्या पाच गोष्टी...’

एक ससा तिसऱ्या गोष्टीपर्यंत वाचत बसला. चौथी वाचायची राहिली, कारण मान्यवर पोचले. जीव बचावला त्याचा, पण कानाचा तुकडा गेला. पोस्टीला मात्र दीड हजार अंगठे पडले, सर्वांत पहिला एका घारीचा. खाली बिबट्याने स्वतः लिहिलं, ‘धन्यवाद, ताई. अशाच लिहीत राहा.’

सगुणाला नोकरी लागली. तिने लगेच लिहिलं, ‘कळवायला अत्यंत आनंद होतो, की मी निर्भय परिवारात रुजू होत आहे!’ ज्या चितळांना तिने वर्षभर वाचवलं होतं, त्यांनी तिचं पहिल्यांदाच अभिनंदन केलं.

टेकडी झकास होती. ऊन, वारा, कोरडे खडे. सगुणाने चार अंडी घातली आणि त्यांवर बसून ती पहारा करू लागली. कामाची पद्धत अशी होती: बिबट्या दिसला की आधी मजकूर लिहायचा, तो साळुंकीबाईंना पाठवायचा, त्यांनी होकार दिला की चव्हाट्यावर टाकायचा. ओरडायचं नाही. चरणाऱ्यांचा घास घशात अडकतो, अशी तक्रार होती म्हणे.

मग आला कंपनीचा परिवार दिवस. अख्खा चितळांचा कळप कुरणात फोटोसाठी ओळीने उभा होता आणि साळुंकीबाई ‘हसा, हसा!’ करत होत्या. इतक्यात सगुणाला उंच गवतात ठिपके दिसले.

तिने झटकन मजकूर पाठवला, ‘मान्यवर दबा धरून बसले आहेत.’

उत्तर आलं, ‘दबा हा शब्द काढा. वाईट दिसतो.’

‘मान्यवर गवतात बसले आहेत.’

‘बसले आहेत? आळशी वाटतात. पुढाकार हा शब्द येऊ द्या.’

बिबट्या खरोखरच पुढाकार घेत होता. नवरा पंख आपटत म्हणाला, “अगं, मजकूर कसला करतेस, ओरड की!”

“जागा जाईल हो,” सगुणा म्हणाली. पोटाखाली चार अंडी होती. घशाशी आलेली हाक तिने गिळली.

मजकूर मंजूर झाला, तोवर कळपातले म्हातारे तात्या चितळ गेलेले होते. पायाने अधू होते, धावणं जमलं नाही. कंपनीने संध्याकाळी लिहिलं, ‘तात्यांचा स्वभाव असा, की ते नेहमी स्वतः मागे राहून इतरांना पुढे जाऊ द्यायचे.’ जंगलात डोळे पुसायला पानं पुरेनात. साळुंकीबाईंनी सगुणाचं खास कौतुक केलं. एवढ्या अवघड प्रसंगी तिने कुठेही सूर बिघडू दिला नव्हता.

त्या दिवशी सगुणाला अन्न गेलं नाही. पुढच्या वेळी हाक जरा सहज गिळली गेली. पाचव्या-सहाव्या वेळी तर ती घशाशी आलीच नाही. सवय मोठी छान गोष्ट असते, बाळांनो.

वेळ भरली आणि चारही अंडी फुटली. चार पिल्लं! कापसाला पाय फुटल्यासारखी टेकडीभर पळायची. सगुणाने त्यांच्याकडे बघितलं आणि ती ढसाढसा रडली. दोन वर्षांचं दुःख होतं ते, आता निघालं. “झालं ते झालं,” ती नवऱ्याला म्हणाली, “पण ही तर वाचली ना?” नवरा खाली कुरणाकडे बघत होता.

आता टिटवीच्या पिल्लांची एक गंमत सांगतो. आई ओरडली की ती असतील तिथे जमिनीला चिकटतात आणि खड्यांत खडा होऊन जातात. समोर उभं राहिलं तरी दिसत नाहीत. हे त्यांना कुणी शिकवत नाही. अंड्यात असल्यापासून आईचं ओरडणं कानावर पडत असतं, तेवढंच त्यांचं शिकणं.

एका सकाळी टेकडीवर सावली फिरली. सगुणाने वर पाहिलं. घार!

तिने मजकूर लिहिला नाही की होकाराची वाट पाहिली नाही. कंपनी गेली खड्ड्यात! होता नव्हता तेवढा जीव घशात आणून ती ओरडली. पूर्वीसारखी, जंगल हादरावं अशी.

पिल्लांनी तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. आईला झालं तरी काय, हे बघायला चौघांनी माना वर केल्या. धाकटं तर दोन पावलं पुढे आलं.

घारीला एवढं पुरे होतं.

साळुंकीबाई धावत वर आल्या. “सगुणाताई, ओरडलात! कुरण रिकामं झालं! काय हे?”

“बाई, माझं पिल्लू गेलं,” सगुणा म्हणाली. “मला ओरडता येत होतं, बाई. मला तेवढं एकच येत होतं.”

साळुंकीबाईंचे डोळे खरंच भरून आले. त्या सगुणाजवळ बसल्या, पंख तिच्या पाठीवर ठेवला. “असंच लिहा,” त्या हळूच म्हणाल्या. “अगदी असंच, मनापासून. आई आणि नोकरी, दोन्ही सांभाळताना शिकलेल्या पाच गोष्टी. मालकांना सांगून मी ओरडणं माफ करून घेते.”

सगुणा उठली. उरलेली तीन पिल्लं पुढे घातली आणि टेकडी उतरू लागली. नवरा मागून चालत होता. ती दर दहा पावलांवर ओरडत होती आणि पिल्लं दर वेळी माना वर करत होती. नदीचे गोटे येईपर्यंत एकाने एकदा मान खाली घातली.

टेकडीवरची जागा तासाभरात चव्हाट्यावर आली. दोनशे अर्ज आले. साळुंकीबाईंनी सगळ्यांची पानं चाळली आणि त्यांना शेवटी हवं तसं पान सापडलं. त्यावर एकही नकारात्मक शब्द नव्हता. सगळे फोटो उंचावरचे. नजर तीक्ष्ण, काम बिनआवाजी, आणि कुरण, टेकडी, नदी असा तिन्ही ठिकाणचा प्रत्यक्ष अनुभव. मालकांनी लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी घार निर्भय परिवारात रुजू झाली. सगळ्या जंगलाने तिचं अभिनंदन केलं.

तात्पर्य: मुलांनो, संकट दिसलं म्हणून ओरडत सुटू नये, त्याने आपलं पान खराब दिसतं. पिल्लं काय, चार असतात. टेकडीवरची जागा एकच असते. आणि तुमच्या पोस्टीला सर्वांत आधी अंगठा कोण उठवतं, त्याच्याशी नेहमी गोडीने वागा. उद्या तोच तुमचा साहेब असेल.