शून्याची पावती

समितीवाले हो, निःस्वार्थ सेवेच्या पुरस्काराला तुम्ही प्रवेशशुल्क लावलंत, हा आरोप नाही. ते तुमच्या माहितीपत्रकातच सोनेरी शाईत छापलेलं आहे. आरोप पुढचा आहे. ज्यांना तुम्ही शुल्क माफ केलंत, त्यांच्याकडूनच तुम्ही ते सगळ्यात जास्त उकळलंत. आणि हे चुकून झालेलं नाही. रीतसर तपासून, सहीनिशी झालेलं आहे.

तपासणारीला ऑफिसात काडीबाई म्हणत. फर्निचरच्या दुकानावरच्या मजल्यावर, न उघडणाऱ्या खिडकीशेजारी बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काड्या घालायच्या, याचा तिला पगार मिळे. या वेळी काम होतं पुरस्कारांच्या पोर्टलचं. खोटे अर्जदार जन्माला घालायचे आणि यंत्र प्रत्येकाला नियमाप्रमाणे लुबाडतंय की नाही ते बघायचं. लवकर आलात तर सवलत, सभासद असाल तर आणखी सवलत, दुसऱ्या विभागातही उभे राहिलात तर तो अर्ध्यात, उशीर केलात तर दंड. प्रत्येक नियमासमोर दोन रकाने: अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल. दोन्ही जुळले की पास.

सत्तरी ओलांडलेल्या, पदरमोड करून सेवा करणाऱ्यांना शुल्क पूर्ण माफ होतं. काडीबाईने एक खोटी म्हातारी तयार केली आणि तिचा अर्ज भरला. यंत्र म्हणालं, ‘आपले शुल्क: शून्य. कृपया भरा.’ तिने बटण दाबलं. यंत्र म्हणालं, ‘शून्य रक्कम स्वीकारली जात नाही.’ पावती नाही, म्हणून अर्ज परीक्षकांकडे जाईना. म्हातारी उंबऱ्यावर उभी.

काडीबाईने लिहिलं: अपेक्षित निकाल, अर्ज स्वीकारला जावा. साहेबांनी ते वाचलं आणि स्पीकर चालू करून समितीच्या सचिवांना फोन लावला.

“माफ म्हणजे माफच आहे,” सचिव म्हणाले. “पण माफ झालेलं शुल्क भरायला नको?”

“काय भरायचं पण?” काडीबाईने विचारलं.

“शून्य.”

“सर, यंत्र शून्य घेतच नाही.”

“हा तुमच्या यंत्राचा प्रश्न झाला. आमच्या माफीत काही कमी पडलंय का?”

साहेबांनी फोन ठेवला. “मॅडम, प्रोग्राम बदलायला वेळ नाही. अपेक्षा बदला.”

“म्हणजे?”

“जे होतंय तेच अपेक्षित होतं, असं लिहा. जुळलं की पास.”

पगारवाढीचे दिवस होते. काडीबाईने लिहिलं: अपेक्षित निकाल, अर्ज उंबऱ्यावर थांबावा. पास.

मग तिने तारीख मुदतीच्या पुढे नेऊन पाहिली. शून्य वेळेत भरलं नाही म्हणून म्हातारीला दंड लागला. दंडाला माफी नव्हती. दंड ही खरी रक्कम, ती यंत्राने घटाघटा गिळली. पण दंड भरला तशी माफीच उडाली. ज्याला दंड परवडतो त्याला शुल्कही परवडतं, असा नियम होता. आता म्हातारीच्या डोक्यावर पूर्ण शुल्क, वर दंड, त्यावर माफीचा गैरफायदा घेतल्याचा अधिभार. एखाद्या कारखानदाराला लागेल त्यापेक्षा जास्त.

सचिव खूश झाले. “बघा, रस्ता निघाला की! माफीवाल्यांना आत यायचं असेल तर त्यांनी उशीर करावा.”

अपेक्षा पुन्हा बदलली. पास.

इथवर सगळं खोट्या म्हातारीचं होतं. खरी म्हातारी काडीबाईच्या घरी होती.

तिच्या सासूबाई इस्पितळात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी टोप्या विणत. पेन्शन आली की त्यातून मऊ लोकर आणायची, महिनाभर विणायचं, पिशवी भरून नर्सबाईंकडे द्यायची. कुणाकडून कधी काही घेतलं नाही. पण वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मॅनेजरांना एका रोपाला पाणी घालतानाच्या फोटोवर गेल्या खेपेला याच समितीचा ‘वृक्षमित्र’ पुरस्कार मिळाला, आणि सासूबाईंची झोप उडाली.

“ते रोप मेलंसुद्धा!” त्या म्हणाल्या. “आणि हा बाबा जिन्यात ढाल मिरवत फिरतोय. मीच मेली कुठं कमी पडले?”

“आई, कशाला त्या फंदात पडता?”

“का गं? मला माफ आहे. छापलंय तसं. आणि तुझ्याच ऑफिसचं काम ना ते? म्हणजे चोखच असणार.”

काडीबाईला ठसका लागला.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी अर्ज भरला. मग रोज सकाळी चहा झाला की चष्मा लावून शून्य भरायला बसायच्या.

“अगं, घेतच नाहीये हे. शून्य कमी पडतंय का?”

“मुदत संपू द्या आई. मग घेईल.”

“मी विजेचं बिल कधी उशिरा भरलं नाही, आणि हे उशिरा भरू?”

हा नियम मीच पास केलाय, हे वाक्य काडीबाईच्या जिभेच्या टोकावर आलं आणि तिथेच बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. “सर, तो शून्याचा बग परत उघडायचाय.”

“कुठला बग? कागदावर पास आहे. सही तुमचीच दिसतेय.”

मुदत संपली. दंड लागला, तो भरला, माफी उडाली, शुल्क आलं, अधिभार आला. सासूबाईंनी लोकरीसाठी काढून ठेवलेली पेन्शन सगळी त्यात घातली. “आता माघार घेतली तर तो वरचा मॅनेजर दात काढेल,” त्या म्हणाल्या.

बाकीचे माफीवाले आपापलं शून्य हातात धरून अजून उंबऱ्यावरच होते. पदरमोडवाल्यांच्या विभागात परीक्षकांसमोर एकच अर्ज पोचला. सासूबाई एकमताने पहिल्या आल्या.

समारंभाला निघताना इस्पितळातून नर्सबाईंचा फोन आला. “आजी, टोप्या संपल्या हो. या महिन्याच्या कधी येतायत?”

सासूबाईंनी पदर सारखा केला. “या महिन्यात टोप्या नाहीत गं,” त्या म्हणाल्या. “या महिन्यात पुरस्कार आहे.”

सचिवांनी स्वतः मानपत्र वाचलं. ‘ज्यांनी आयुष्यात कधी कसलीही अपेक्षा ठेवली नाही’ या वाक्याला सगळं सभागृह उभं राहिलं. सासूबाई चषक घेऊन खुर्चीवर परतल्या आणि तो उलटा करून बघत बसल्या.

“बाळाच्या डोक्यावर बसेल एवढा आहे गं,” त्या सुनेच्या कानाशी लागल्या. “पण गार आहे.” मग थोड्या वेळाने: “ते शून्याचं कोणी तपासलं होतं म्हणे?”

काडीबाई जोरजोरात टाळ्या वाजवू लागली.

समितीला आता काही विचारायचं नाही. तिचं उत्तर ठरलेलं आहे, सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. विचारायचंय ते तुम्हाला, वाचकहो. उभे राहणाऱ्यांत तुम्हीही होतात. कुठल्या ना कुठल्या खिडकीवर आपलं शून्य भरायला तुम्हीही गेला आहात, आणि नाकारल्यावर ‘असंच असतं’ म्हणून मुकाट घरी आला आहात. तुमच्या अपेक्षेच्या रकान्यात ‘असंच असतं’ हे आधीपासून नव्हतं. तिथे दुसरं काहीतरी लिहिलेलं होतं. काय होतं ते? आणि खोडलं कोणी? सही कोणाची आहे, बघून सांगा.