पर्ल आमच्या दारात थांबत नाही

तीस वर्षं मी बाल्टिमोरच्या रस्त्यांवर बस चालवली आहे. चौदा टनांची! बर्फात चालवली, धुक्यात चालवली, मागच्या सीटवर एक बाई बाळंत होत असताना चालवली. तेव्हा एक घोडी, चार लाकडी चाकं आणि थोडा भाजीपाला सहा गल्ल्या पलीकडे नेणं हे माझ्या दृष्टीने काम नव्हतंच. हे मी भेटेल त्याला सांगितलं होतं. सांगायला नको होतं.

घोडी कुठून उपटली ते आधी सांगतो. आमच्या वस्तीतलं मोठं दुकान सहा वर्षांपूर्वी बंद पडलं. आता कोपऱ्यावर एक लहान दुकान उरलंय, त्याचा मालक बँकेत असते तसल्या जाड काचेमागे बसतो. त्याच्याकडे सतरा तऱ्हेचे वेफर्स आहेत, अकरा रंगांचा सोडा आहे, आणि ताज्या मालात तीन लिंबं. सहा वर्षांत ती तीनच आहेत, आणि मला वाटतं तीच आहेत. पालेभाजी हवी तर दोन बस बदलून जायचं आणि पिशव्या सांभाळत उभ्याने परत यायचं. राहता राहिला ल्यूशस. तो सत्तरीचा गडी, आजोबांच्या वेळेपासून चालत आलेल्या घोडागाडीवर भाजी विकतो. घुंगरं, लाल-पिवळं छत, आणि पुढे पर्ल नावाची पांढरी घोडी. गुडघा बरा असला तर दर शनिवारी तो आमच्या गल्लीतून ओरडत जातो. मी त्याच्याकडून आजवर एक मुळाही घेतलेला नाही. शनिवारी सकाळी मी तळलेल्या चिकनच्या रांगेत असतो, आणि माझी बायको व्हर्लीन हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामावर असते.

या वसंतात डॉक्टरांनी व्हर्लीनला बजावलं, साखर फार वाढलीय, हिरवं खा, ताजं खा. ही बातमी कॅरोलायनात तिच्या थोरल्या बहिणीला, ओलामे ताईला, लागलीच कळली. ताईच्या परसात कोबीपासून कलिंगडापर्यंत सगळं पिकतं. तिचा रोज फोन, आज काय खाल्लंस? एके दिवशी मी वैतागून फोन हातात घेतला आणि ठोकून दिलं की ताई, काळजी सोडा, दर शनिवारी ताज्या भाजीची घोडागाडी आमच्या दारात थांबते, घोडी आम्हाला नावाने ओळखते!

मग ताई म्हणाली, "बरं. या शनिवारी मी येते. गाडी थांबलेली बघते. नाही थांबली तर व्हर्लीनची बॅग भरते आणि तिला घेऊन जाते."

मी व्हर्लीनकडे पाहिलं. तिने नाही म्हटलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात मला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

शनिवारी सकाळी, आज आमच्या दारात थांब म्हणून विनवायला तबेल्यात गेलो, तर ल्यूशस सुजलेला गुडघा बादलीवर टेकून बसलेला. गाडी भरून तयार होती, पण आज तो काही निघत नव्हता. मी लगेच म्हटलं, मी नेतो. बेत साधा होता. सरळ आमच्या दारात जायचं, घुंगरं वाजवायची, ताईच्या देखत दोन जुड्या उतरवायच्या आणि परत फिरायचं.

"ड्रायव्हरसाहेब," ल्यूशस म्हणाला, "रस्ता तिला पाठ आहे. तू फक्त मधे पडू नकोस."

मी हसलो. लगाम उचलला. पर्ल निघाली. पहिल्याच कोपऱ्यावर मला उजवीकडे जायचं होतं, ती डावीकडे वळली. मी पायाने ब्रेक चाचपला. घोडीला ब्रेक नसतो.

चार घरं गेल्यावर ती आपली आपण थांबली. दार उघडलं आणि मिस हॅटी, शहाऐंशी वर्षांची, तसराळं घेऊन पायरीवर आली. माझ्याकडे बघून तिचा चेहराच उतरला.

"ल्यूशस कुठाय?"

"तो आज नाही," मी म्हटलं. मला पुढे गुडघ्याचं सांगायचं होतं. पण तिने तसराळं छातीशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, किती चांगला माणूस होता!"

मी सांगत होतो की अहो, आहे, जिवंत आहे. पण मिस हॅटी कानाचं यंत्र फक्त रविवारी, चर्चमध्ये लावते. तिने रडत रडत रताळी घेतली, भेंडी घेतली, पर्लला सफरचंदाची फोड भरवली. फोड तोंडात पडल्यावरच पर्ल हलली, आणि आम्ही वळेपर्यंत मिस हॅटी फोनवर होती.

पुढच्या थांब्यावर सात बायका उभ्या होत्या. त्यापुढच्या थांब्यावर न्हाव्याचं सगळं दुकान, एकाची तर अर्धीच दाढी झालेली. सगळे टोप्या काढून! मी ओरडून सांगत होतो की ल्यूशसला काही झालेलं नाही. एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पहिल्या दिवशी कुणालाच खरं वाटत नाही, दादा."

आणि भाजी? ती तर हातोहात जात होती. गाडी पुन्हा येते की नाही कुणास ठाऊक, म्हणून जो तो दुप्पट घेत होता. कोलार्डचा पाला संपला, घेवडा संपला, टोमॅटो संपले. तरी मी एक जुडी व्हर्लीनसाठी सीटखाली दडवली.

आमच्यात कुणी गेलं की घरच्यांसाठी शिजवून आणायची रीत आहे. ल्यूशसचं घर कुठे ते पुष्कळांना माहीत नव्हतं, पण गाडी तर समोरच होती. रिकाम्या टोपल्यांतून लोक भांडी ठेवू लागले. चीज घातलेली मॅकरोनी, लोण्यातला केक, आणखी एक केक, मोठी परात भरून तळलेलं चिकन. "घरच्यांना द्या हं," प्रत्येक जण सांगायचा. मी नको म्हटलं की आणखी एक भांडं यायचं.

मधे एका घरापुढे पर्ल थांबली, तर दाराखिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. मी लगाम ओढला, विनवण्या केल्या, ती ढिम्म. बाजूने जाणारी एक बाई म्हणाली, इथे एक म्हातारा राहायचा, काठी टेकत जिना उतरायला त्याला वेळ लागायचा. जाऊन चार वर्षं झाली त्याला. पर्ल तेवढा वेळ थांबते आणि मग निघते. मी लगाम सोडला आणि तिच्याबरोबर थांबलो.

दीड वाजता एकदाची आमची गल्ली आली. पायरीवर ओलामे ताई खुर्ची टाकून बसलेली, शेजारी व्हर्लीन, आणि दोघींच्या मधे व्हर्लीनची निळी बॅग. मी कॉलर नीट केली, घुंगरं वाजवली, ऐटीत लगाम खेचला.

पर्ल आमच्या दारावरून सरळ पुढे गेली. मान वळवून बघितलंसुद्धा नाही!

शेजारच्या डॉर्सीच्या दारात मात्र ती टक्कन थांबली. मी उतरलो, जुडी हातात घेतली आणि पंधरा पावलं मागे चालत आलो. आयुष्यात एवढा लांब रस्ता मी बसनेही गेलो नाही. ताईने गाडीकडे पाहिलं. भाजीच्या गाडीत भाजीचं पान नाही, तीन केक आणि चिकनची रास!

"ही तुमची ताजी भाजी?" तिने विचारलं.

"ताई, आज घोडी जरा गोंधळलीय," मी म्हटलं.

डॉर्सी गाजर घेऊन बाहेर आला होता. "गोंधळायला काय झालं तिला?" तो म्हणाला. "एकोणीस वर्षं माझ्याकडे थांबते. तुझ्याकडे कधीच नाही थांबली."

मग मी तिथेच सगळं कबूल केलं. खोटं बोललो ताई, म्हटलं, ही गेली तर मी काय करू ते मला सुचेना. व्हर्लीनने माझ्या हातातली कोमेजलेली जुडी घेतली. जुडीकडे बघून ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मी कुठे जात नाही, ताई," ती म्हणाली. "हा एकटा राहिला तर त्या परातीतलं सगळं आजच खाईल."

मला हायसं वाटलं. दोन सेकंद.

"ठीक आहे," ताई म्हणाली आणि निळी बॅग उघडून दाखवली. तीत तिच्याच चपला, गाऊन आणि वाफ्यात लावायची रोपं होती. "व्हर्लीन तुझं ऐकून राहणार हे मला ठाऊकच होतं. मीच राहते. ती घोडी या दारात थांबायला लागेपर्यंत."

त्याला आज नऊ आठवडे झाले. ल्यूशस स्वतःच्या मरणाचे तीन केक खाऊन ठणठणीत झाला आणि पुन्हा गाडीवर बसला. व्हर्लीनची साखर उतरली आहे. मागच्या अंगणात, जिथे माझी आरामखुर्ची होती, तिथे कोलार्ड उगवलाय. आणि मी दर शनिवारी दहा वाजता गाजर घेऊन पायरीवर उभा राहतो, मागे खिडकीत ताई.

गेल्या शनिवारी तर पर्ल आमच्या दाराशी येऊन चक्क मंदावली. मी गाजर पुढे केलं. तिने मान लांब केली, गाजर हुंगलं, माझा हात हुंगला, फुर्रकन नाक उडवलं आणि डॉर्सीकडे गेली.

खिडकीतून ताई म्हणाली, "हात दाखव, लिनवुड."

चिकनचा एकच तुकडा खाल्ला होता हो मी सकाळी. आणि तोही छोटा.