अर्ध्या गावाला थंड करणारे मेस्त्री आणि दोन अंडी

"अर्ध्या गावाला थंड करतो मी! दोन अंडी गरम ठेवायला काय लागतं?" एसी दुरुस्त करणारे मेस्त्री छाती फुगवून म्हणाले.

लोक घरातल्या पाली झाडूने हाकलतात. मेस्त्रींच्या घरी पाल चक्क पाळलेली होती! पिवळी, ठिपकेवाली, लेकीचा जीव की प्राण. पालीने अंडी घातली आणि नेमकं लेकीचं महिनाभराचं शिबिर आलं.

"बाबा, अंड्यांवर पेन्सिलीने फुल्या केल्यात. फुली कायम वर राहिली पाहिजे. अंडं फिरलं तर आतलं पिल्लू मरतं. शब्द द्या!"

"दिला!"

थर्मोकोलचं खोकं, बल्ब, तापमानावर चालू-बंद होणारं बटण. काय थाट!

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. फुल्या गायब!

"दमटपणाने पुसल्या," मेस्त्रींनी निदान केलं. नव्या काढल्या.

पुन्हा गायब. पुन्हा काढल्या.

पुन्हा! "पेन्सिलच भिकार!"

लेक यायच्या दिवशी सकाळी त्यांनी चष्मा लावून, मान वाकडी करून पाहिलं. वर, खाली, बाजूंना, फुल्याच फुल्या! नापास पोराचा गणिताचा पेपर जसा!

तेवढ्यात सासूबाई हात पुसत आल्या आणि सराईतपणे दोन्ही अंडी कुशीवर फिरवली.

"आई! काय करताय?"

"रोजचंच. जन्म गेला माझा कोंबड्या पाळण्यात. कोंबडी चोचीने अंडी फिरवते. तुमची ती मेली पाल ढुंकून बघत नाही, म्हणून मीच..."

"अहो, पालीची अंडी फिरवली की पिल्लू मरतं!"

सासूबाईंचा चेहरा पडला. "मग जावईबापू, आधी तोंड उघडायचंत की!"

"पोरीला काय सांगायचं आता?" दारातून बायको म्हणाली.

तिघं तीन दिशांना पांगली.

आता घर सोडा, दुकानात चला. पाळीव प्राण्यांचं.

"पालीची पिल्लं? शेवटची दोन उरलीत," दुकानदार म्हणाला. "सकाळपासून काय मागणी आलीय पालींना! गावाला वेड लागलंय की काय!"

कोण घेऊन गेलं, हे विचारायला मेस्त्रींना वेळ कुठला! घरी पोचतात तोच दाराची घंटा वाजली. झाकण जरासं उचकटून त्यांनी न बघताच पिल्लं आत ढकलली.

लेकीने पाठीवरची बॅगही न उतरवता खोकं उघडलं.

"बाबा..."

"हं?"

"दोन अंड्यांतून सहा पिल्लं?"

मेस्त्रींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी बायकोकडे. पालीपासून जन्मभर दहा हात लांब राहिलेल्या बायकोने छताकडे.

"आणि अंडी शाबूत कशी?"

अरे देवा! पिल्लं सगळ्यांनी आणली, अंडी काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं!

"मीच फिरवली गं पोरी," सासूबाई पुटपुटल्या. "रोज."

लेकीचे डोळे भरले. तिने मोबाइलचा उजेड अंड्याला लावला. आत बारीक लाल शिरा... आणि काहीतरी हललं! दुसऱ्यातही!

"जिवंत आहेत!"

मेस्त्रींनी टाळी वाजवली. बायको मटकन खाली बसली. "म्हणजे आता आठ?"

सासूबाई मात्र ताठ झाल्या.

"बघितलंत? फिरवली म्हणून!"

आणि त्यांचा हात खोक्याकडे गेला.

"आई!!!"