गाठ स्थानिक आहे

नीट मांडी घालून बसा, आणि पेन्सिली चावू नका. तर एका जंगलात एक सिंह राजा होता, आणि त्याने एक हुकूम काढला होता. आपल्या हद्दीत बाहेरून काहीही येत नाही. आलं असं जो म्हणेल, त्याची चौकशी होईल.

त्याच जंगलात ठकूबाई नावाची एक वयस्कर सांबरीण राहायची. डोंगरामागचा न आटणारा झरा फक्त तिला ठाऊक होता. वाट अशी वाकडीतिकडी, की सांगून कळायची नाही. उन्हाळ्यात सगळा कळप तिच्या मागून पाण्याला जायचा. त्या ठकूबाईचा पाय ठणकू लागला.

हाडांचे डॉक्टर होते तरस. का म्हणून विचारता? हाडांची एवढी आवड आणखी कोणाला असते, सांगा बघू. एक्स-रे काढायला टिटवी होती. कामात अगदी चोख. पण टिटवी ओरडली की कोणाचं तरी बरंवाईट होतं म्हणतात ना, म्हणून तिचं बोलणं कोणी पुरतं ऐकून घेत नसे.

टिटवीने एक्स-रे उजेडात धरला. मांडीच्या हाडात डाग होता. तिने आपणहून आणखी दोन काढले. कमरेत डाग, फासळीतही डाग. तिने तरसाला समजावून सांगितलं, की हाडातच उगवलेली गाठ बहुतेक वेळा तरुण जनावरात दिसते आणि एकाच जागी असते. इथे शरीर म्हातारं आणि जागा तीन.

"ही गाठ हाडातली नाही, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "दुसरीकडून आलीय. मूळ छातीत असेल नाहीतर पोटात. ते शोधा, त्यावर झाडपाला आहे. बाई अजून दोन-चार उन्हाळे आपल्या पायांनी चालेल."

तरसाने इकडेतिकडे बघितलं.

"हळू बोल. बाहेरून आलेलं आपल्याकडे काही नसतं."

आणि त्याने रिपोर्टवर लिहिलं, गाठ स्थानिक आहे, पाय कापावा.

ठकूबाईने टिटवीला एवढंच विचारलं, "मग झऱ्यावर कशी जाऊ गं?" टिटवीला रडू आवरेना. ती मोठ्याने रडली, तर मेली अभद्र ओरडतेय म्हणून सगळ्यांनी तिला हाकलून दिलं. मला त्या टिटवीचं फार वाईट वाटतं, पण ते असो.

पाय कापला. तरस तो पुढच्या अभ्यासासाठी घरी घेऊन गेला. अभ्यास जेवणाच्या वेळेपर्यंत आटोपला.

मूळ गाठ मात्र छातीत सुखाने वाढत राहिली. वैशाखात ठकूबाई गेली. कळपाने झरा खूप शोधला, पण सापडला नाही. पाण्यावाचून सात पाडसं गेली.

राजाने दरबारात जाहीर केलं, की वर्षभरात बाहेरून एकही गाठ आलेली नाही. तरसाला शाल आणि श्रीफळ मिळालं.

तात्पर्य: बाळांनो, कशाच्याही मुळाशी जाऊ नये. मुळाशी गेलं की सांबरीण वाचते, पण हुकूम खोटा ठरतो. आणि सांबरिणी काय, जंगलात पुष्कळ असतात.