पॉइंट साठले की येते

“जुनं देणं फिटेपर्यंत नव्या कार्डावर काडेपेटीसुद्धा घेऊ नकोस. आणि त्याच खात्यावरचं दुसरं कार्ड काढून कुणाच्या हातात तर मुळीच देऊ नकोस,” असं बँकेतल्या मैत्रिणीने तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. बँकेत बसून बसून हिला सगळं जग चोर दिसायला लागलंय, झालं!

तिचा बेत बिनतोड होता. बाळ जन्मल्यावर नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. त्या नऊ दिवसांचं बिल जुन्या कार्डावर चढलं आणि त्याचं व्याज बाळापेक्षा भराभर बाळसं धरू लागलं. मग तिने लसीकरणाच्या फाइलच्या पाठीवर सहा कार्डांचा तक्ता मांडला आणि नवऱ्याला समोर बसवून समजावलं. जुनं देणं नव्या कार्डावर हलवायचं, वर्षभर व्याज शून्य, बारा हप्त्यांत मोकळं. नंतर त्याच कार्डावर खरेदी करून मिळणाऱ्या पॉइंटांवर फिरायला जायचं. नवरा ‘बरं’ म्हणाला. तो लग्नापासून ‘बरं’च म्हणत आलाय.

घरच्या माणसाला दुसरं कार्ड दिलं तर हजार पॉइंट फुकट होते. तिने ते बाबांना पाठवलं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आता नजर अधू झाली, आई गेली, दूरच्या गावी एकटेच असतात. औषधपाण्याला असू द्या, ती म्हणाली. कार्डाचं राहू दे, नातवाला घेऊन कधी येतेस, त्यांनी विचारलं. पेटीतून सुटल्यापासून तिने बाळाला जिन्याखाली नेलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलून गेली, “पॉइंट साठले की येते, बाबा. तिकीट फुकट मिळतं.”

हप्ता खात्यातून आपोआप जायची सोय झाली. बँकेचे मेसेज टिंग करून बाळाला उठवायचे, म्हणून तिने ते बंद केले. बाळाचा श्वास दर अर्ध्या तासाला तपासणारी ही बाई पुढचे चार महिने कार्डाकडे फिरकली नाही.

मग बँकेतून फोन आला. हप्ता वेळेवर जात होता, पण कार्डावर वर झालेल्या खरेदीचे पैसे थकले होते. म्हणून शून्य व्याजाची सवलत रद्द आणि पॉइंट जप्त. कसली खरेदी? तिने यादी उघडली आणि तिचे डोळे पांढरे झाले. अकरा पोती सिमेंट. कुत्र्याचं खाणं. उंच टाचांच्या चपला. स्कूटरचे दोन टायर. चोराने बहुधा आधी कुत्रा आणला, मग बायको, आणि आता तो घर बांधायला घेत होता. तिने तडक दोन्ही कार्डं बंद करायला लावली आणि बाबांना फोन लावला.

“बाबा, तुमचं कार्ड चोरीला गेलंय.”

“छे गं, हे काय हातात आहे. दुकानातच उभा आहे. आज काय ते चालेना, मागे रांग लागलीय.”

युक्ती त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितली. गल्लीत कुणाचीही खरेदी निघाली की बाबा बरोबर जायचे, कार्डाने पैसे भरायचे आणि त्या माणसाकडून रोख घ्यायचे. पॉइंट लेकीला! रोख बिस्किटांच्या डब्यात जमत होती, ती आली की तिच्या हातात ठेवायला. डबा मोजला तर निम्मीच निघाली. बाकी वहीत उधारी म्हणून लिहिलेली होती. सिमेंटवाला शेजारी ‘उद्या देतो’ म्हणाला होता. माणसं काय पळून जातात, बाबा म्हणाले.

चार सणसणीत शब्द तिच्या ओठांवर आले होते.

“मग, तिकिटापुरते झाले का गं पॉइंट?” बाबांनी विचारलं.

“होत आलेत,” ती म्हणाली.

डब्यातली रोख त्यांनी पाठवली, ती एका महिन्याच्या व्याजात विरघळली. यंदा तिकिटाचं नावही काढायची सोय नाही. तिकडे कार्ड बंद पडल्यापासून बाबांना कुणी हाक मारत नाही. ज्यांच्याकडे येणं आहे ते तर त्यांना बघून रस्ता बदलतात. तरी ते रोज त्या दुकानापाशी जाऊन उभे राहतात.

तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या भागातल्या दुकानाच्या दारात एखादा म्हातारा दुसऱ्यांच्या पिशव्यांकडे बघत उभा दिसला, तर जरा थांबा. कार्डाचा विषय काढू नका. जेवलात का, एवढं विचारा. आणि त्याने पॉइंट किती झाले असं विचारलंच, तर सांगा, होत आलेत.